स्वीटची गाणी आणि समीक्षकांचा हिशेब

ब्रिटिश रॉक संगीताच्या रूढ इतिहासात 'स्वीट' या बँडच्या वाट्याला फार तर एखादा परिच्छेद येतो. चकचकीत कपडे, उंच टाचांचे बूट, डोळ्यांभोवती चमकी, दुसऱ्यांनी लिहून दिलेली गाणी, शाळकरी मुलींचा आरडाओरडा, आणि मग १९७६ मध्ये पंक आले आणि हा सगळा पसारा वाहून गेला. डेव्हिड बोवी आणि रॉक्सी म्यूझिक यांनी ग्लॅम रॉकला बुद्धी दिली, मार्क बोलनने देखणेपण दिले आणि स्वीटसारख्यांनी त्याचा बाजार मांडला, अशी ही वाटणी आहे. ती इतक्या वेळा सांगून झाली आहे की आता कोणी तिला मत म्हणत नाही, वस्तुस्थितीच समजतात.

ही वाटणी उथळ आहे, असे माझे ठाम मत आहे. सत्तरच्या दशकातल्या ब्रिटिश संगीत साप्ताहिकांत जो सूर रूढ झाला तो स्वीटच्या तबकड्या ऐकून ठरलेला नव्हता. तबकडीच्या लेबलावर, गाण्याच्या नावाखाली कंसात छापलेली गीतकारांची नावे वाचून तो ठरला होता. गाणे कोणी लिहिले, वाद्य कोणी वाजवले, म्हणजे कामाची वाटणी कशी झाली, यावरून कलेची प्रत ठरवायची, हा तो निकष. त्याचा उगम संगीतात नाही. बाजाराच्या एका टप्प्यावर, एका ठरावीक गिऱ्हाइकासाठी तो घडला, आणि पुढे सौंदर्यशास्त्र म्हणून मिरवू लागला. हे टप्प्याटप्प्याने दाखवायचे तर सुरुवात आरोपापासूनच करावी लागेल.

१. आरोप आणि त्यातले खरे

आरोपातली माहिती बहुतांशी खरी आहे. गायक ब्रायन कॉनोली, ड्रमवादक मिक टकर आणि बेस वाजवणारा स्टीव्ह प्रीस्ट हे १९६८ पासून एकत्र होते. १९६८ ते १९७० या काळात निघालेल्या त्यांच्या चार सिंगल तबकड्यांना कोणी विचारले नाही. १९७० मध्ये वेल्समधल्या रेक्सहॅमचा अँडी स्कॉट गिटारवर आला आणि चौकडी पुरी झाली. त्याच सुमारास त्यांची गाठ निकी चिन आणि माइक चॅपमन या गीतकार जोडीशी पडली. चॅपमन ऑस्ट्रेलियात जन्मलेला. लंडनच्या 'ट्रॅम्प' या नाइटक्लबमध्ये वेटरचे काम करत असताना त्याची चिनशी ओळख झाली. तबकड्यांचा निर्माता होता फिल वेनमन, जो स्वतःही ड्रमवादक होता.

या मंडळींनी मिळून केलेले पहिले यशस्वी गाणे म्हणजे १९७१ चे 'फनी फनी'. अमेरिकेत गाजलेल्या 'शुगर, शुगर'च्या वळणावर ते उघडउघड बांधलेले होते. ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत ते १३ व्या क्रमांकावर गेले. त्याच वर्षीचे 'को-को' दुसऱ्या. या गाण्यांत बँडचे फक्त आवाज आहेत. वाद्ये वाजवली ती स्टुडिओने बोलावलेल्या सेशन वादकांनी. १९७२ च्या 'लिटल विली'पर्यंत हाच प्रकार चालला. 'विग-वॅम बॅम'पासून, म्हणजे १९७२ च्या उत्तरार्धापासून, चौघांनी स्वतःची वाद्ये स्वतः वाजवली; पण गाणी चिन-चॅपमन यांचीच राहिली. जानेवारी १९७३ मध्ये 'ब्लॉक बस्टर!' पहिल्या क्रमांकावर गेले आणि पाच आठवडे तिथेच राहिले. त्यानंतर 'हेल रेझर', 'द बॉलरूम ब्लिट्झ' आणि 'टीनेज रँपेज' ही तिन्ही दुसऱ्या क्रमांकावर थांबली.

'दुसऱ्यांची गाणी', 'दुसऱ्यांची वाद्ये' आणि 'तयार केलेला बँड' हे तीन आरोप यातूनच आले. पहिला खरा आहे. दुसरा सुमारे दीड वर्षापुरता खरा आहे. तिसरा मात्र पहिल्या दोहोंतून काढलेला निष्कर्ष आहे आणि तो चुकीचा आहे. कॉनोली आणि टकर स्वीटच्या आधी 'वेनराइट्स जंटलमेन' नावाच्या बँडमध्ये होते, आणि तिथे कॉनोलीने ज्याची जागा घेतली तो गायक म्हणजे इयन गिलन, पुढे 'डीप पर्पल'मुळे जगभर नाव झालेला. ही मुले जाहिरात देऊन गोळा केलेली नव्हती. छोट्या क्लबांच्या, नाचाच्या हॉलच्या ज्या मातीतून ब्रिटिश हार्ड रॉक उगवला, त्याच मातीतली ती होती.

२. 'अस्सल'पणाचा निकष कोठून आला

स्वतः लिहा, स्वतः वाजवा, आणि सिंगलपेक्षा लाँग-प्लेचा विचार करा, ही त्रिसूत्री १९७३ च्या समीक्षकाला निसर्गनियमासारखी वाटत होती. ती फार तर सात-आठ वर्षांची होती. १९६३ च्या आधी लोकप्रिय संगीतात गीतकार वेगळा, संगीतकार वेगळा, गायक वेगळा हेच बहुतेक ठिकाणी चालत होते. बीटल्सनी स्वतःची गाणी लिहून ही रीत मोडली, आणि १९६७ नंतर, 'सार्जंट पेपर'च्या यशानंतर, लाँग-प्ले तबकडी हीच कलाकृती आणि सिंगल म्हणजे बाजारू माल अशी विभागणी पक्की होत गेली. रेकॉर्ड कंपन्यांना ती सोयीचीच होती. लाँग-प्लेची किंमत सिंगलच्या कितीतरी पट, आणि ती घेणारा विद्यार्थी किंवा नोकरदार तरुण दर महिन्याला दुकानात येणारा. त्याला आपण गाणे नव्हे, कला विकत घेतो आहोत असे वाटणे धंद्याच्या हिताचे होते.

साप्ताहिकांनी हीच विभागणी उचलली. १९२६ पासून चालणारा 'मेलडी मेकर' हा मुळात वादकांचा अंक. वादक हवेत, वाद्ये विकणे आहे अशा छोट्या जाहिरातींनी त्याची मागची पाने भरलेली असत. 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस'ने १९५२ मध्ये ब्रिटनमधली सिंगलविक्रीची पहिली यादी छापायला सुरुवात केली होती. १९७२ पर्यंत त्याची अवस्था इतकी बिकट झाली की अंक बंद पडायची वेळ आली. तेव्हा 'ऑझ', 'फ्रेंड्झ' यांसारख्या भूमिगत पत्रांत लिहिणारी चार्ल्स शार मरी, निक केंट अशी तरुण मंडळी आणली गेली आणि अंक सावरला. त्या लेखनात खरीखुरी धार होती. तिचे श्रेय नाकारायचे कारण नाही. पण आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. 'मेलडी मेकर', 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस' आणि पॉपप्रेमी पोरासोरांसाठी निघणारा 'डिस्क' हे तिन्ही अंक 'आयपीसी' या एकाच प्रकाशन कंपनीचे होते. एकच मालक एका अंकातून गंभीर रॉक विकत होता आणि दुसऱ्यातून पॉप. दोन अंकांचे वाचक वेगळे राहिले तरच दोन्ही अंक चालणार. गंभीर वाचकाला आपण 'डिस्क'चे वाचक नाही याची जाणीव दर आठवड्याला करून देणे, हे त्या अंकाच्या कामाचाच भाग होते. टीव्हीवरही हेच चित्र होते. बीबीसी-१ वर 'टॉप ऑफ द पॉप्स' सिंगलसाठी, आणि १९७१ पासून बीबीसी-२ वर रात्री उशिरा 'द ओल्ड ग्रे व्हिसल टेस्ट' लाँग-प्लेसाठी. १९७३ मध्ये 'न्यू यॉर्क डॉल्स' या अमेरिकन बँडने या दुसऱ्या कार्यक्रमात वाजवले तेव्हा निवेदक बॉब हॅरिसने त्यांची 'मॉक रॉक', म्हणजे रॉकचे सोंग, अशी दोन शब्दांत बोळवण केली. लिपस्टिक लावून गिटार वाजवणाऱ्यांना गंभीर म्हणायचे नाही, हे तोवर ठरून गेले होते.

आता हा निकष सर्वांना सारखा लावला गेला का, ते पाहू. 'द बर्ड्स'ची १९६५ ची 'मिस्टर टँबुरिन मॅन' ही तबकडी लोकरॉकचा आरंभ मानली जाते. गाणे बॉब डिलनचे. बँडपैकी फक्त रॉजर मॅगिनने त्यावर गिटार वाजवली. बाकी सारी वाद्ये लॉस एंजेलिसच्या सेशन वादकांची. 'बीच बॉइज'च्या १९६६ च्या 'पेट साउंड्स'वर बहुतेक वाद्यवादन त्याच मंडळींचे. या तबकड्या शतकातल्या श्रेष्ठ तबकड्यांच्या यादीत मानाने बसतात आणि त्यांना कोणी 'तयार केलेला माल' म्हणत नाही. म्हणजे सेशन वादक वापरणे हा गुन्हा नव्हता. आपल्या आवडत्या माणसाने वापरले तर ती कलादृष्टी आणि नावडत्याने वापरले तर लबाडी, असा तो न्याय होता.

मराठी श्रोत्याला हे चटकन उमगायला हवे. 'गीतरामायण' गदिमांनी लिहिले आणि सुधीर फडक्यांनी चाली लावल्या म्हणून त्याच्या अस्सलपणाबद्दल आपल्याकडे कधी शंका आली नाही. शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची, गळा तिसऱ्याचा, ही आपल्या भावगीताची आणि चित्रपटगीताची रोजची रीत आहे, आणि तिच्यात प्रत्येकाचे श्रेय वेगळे ओळखता येते.

३. बी-बाजूचा पुरावा

स्वीटच्या बाबतीत सर्वांत मोठा पुरावा त्यांच्याच तबकड्यांवर होता, फक्त तबकडी उलटायची होती. चिन-चॅपमन यांचे गाणे पुढच्या बाजूला, आणि मागच्या बाजूला बँडने स्वतः लिहिलेले, स्वतः वाजवलेले गाणे, असा प्रकार पहिल्यापासून होता. 'को-को'च्या मागे 'डन मी राँग ऑल राइट' आहे. पुढच्या बाजूला कॅरिबियन धाटणीचा गोड नाच, आणि मागच्या बाजूला जाड गिटारचा, दणदणीत, घामेजलेला हार्ड रॉक. 'लिटल विली'च्या मागे 'मॅन फ्रॉम मेक्का', 'विग-वॅम बॅम'च्या मागे 'न्यू यॉर्क कनेक्शन', 'ब्लॉक बस्टर!'च्या मागे 'नीड अ लॉट ऑफ लव्हिन', 'हेल रेझर'च्या मागे 'बर्निंग'.

यामागे व्यवहारही होता आणि तो सांगायलाच हवा. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे तबकडीच्या प्रत्येक विक्रीमागे दोन्ही बाजूंच्या गीतकारांना सारखीच रॉयल्टी मिळे. पुढची बाजू ऐकून लाखोंनी तबकडी घेतली की मागच्या बाजूच्या लेखकाच्या पदरातही तेवढेच पडणार. बँडने बी-बाजू हातची सोडली नाही यात नवल नाही. पण पैसा मिळणारच होता, तर त्या बाजूवर त्यांनी काहीतरी भरताड का टाकले नाही? तिथे ते जीव तोडून वाजवतात. टकरचे ड्रम ऐका: 'मॅन फ्रॉम मेक्का'मधले त्याचे वादन जड आहे, तरी कुठे घसरत नाही.

या दोन बाजूंना समीक्षकांनी 'खोटी' आणि 'खरी' अशी लेबले लावली असती तरी निदान कोणीतरी तबकडी उलटली असे म्हणता आले असते. पण मला तीही मांडणी मान्य नाही. १९७१ ते १९७३ या काळात दोन्ही बाजू एकमेकींकडे सरकत जातात, आणि हीच यातली खरी महत्त्वाची गोष्ट. बी-बाजूवरचा जड आवाज हळूहळू ए-बाजूवर येतो. चॅपमनने बँडला हॉलमध्ये वाजवताना ऐकले, त्यांची ताकद ओळखली आणि गाणी त्या ताकदीला बेतून लिहायला सुरुवात केली. 'को-को' कोणालाही देता आले असते. 'हेल रेझर' या चौघांखेरीज कोणाला देता आले नसते. गीतकार आणि वादक यांच्यात असा परिणाम दोन्ही बाजूंनी होतो, तेव्हा त्याला एकत्र निर्मिती म्हणतात. लेबलावर फक्त दोनच नावे छापली गेली, एवढाच काय तो फरक.

४. एकच रिफ, दोन न्याय

'ब्लॉक बस्टर!' जवळून ऐकण्यासारखे आहे. आधी भोंगा वाजतो, मग एका सुरावर ठाण मांडलेली, पुन्हा पुन्हा येणारी गिटारची छोटी सुरावट, म्हणजे रिफ, आणि तिच्यावर कॉनोलीचा करकरीत आवाज. मधेच सगळे थांबते आणि स्टीव्ह प्रीस्ट लाडिक, बायकी सुरात एक वाक्य टाकतो. 'टॉप ऑफ द पॉप्स'वर कॅमेरा त्या वेळी नेमका त्याच्या रंगवलेल्या तोंडावर जाई. ध्रुवपदात तिघांचे आवाज तार सप्तकात एकावर एक रचलेले. तीन मिनिटांत भीती, विनोद आणि गोंधळ तिन्ही आहेत.

हीच रिफ थोड्या फरकाने बोवीच्या 'द जीन जिनी'मध्ये आहे. ती तबकडी नोव्हेंबर १९७२ मध्ये निघाली, 'ब्लॉक बस्टर!' जानेवारी १९७३ मध्ये. दोन्ही 'आरसीए' या एकाच कंपनीच्या, दोन्ही एकाच वेळी यादीत वर. बोवीची दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली, स्वीटची पहिल्या. लोकांनी लगेच चोरीचा संशय घेतला. पण ही रिफ दोघांचीही नाही. बो डिडलीने १९५५ मध्ये 'आय ॲम अ मॅन' केले. साठीच्या दशकात 'यार्डबर्ड्स'नी ते ब्रिटनच्या क्लबांत रुजवले. त्या पिढीतल्या प्रत्येक गिटारवाल्याच्या बोटांत ते होते. बोवीने ते उचलले तेव्हा त्याला परंपरेशी संवाद म्हटले गेले. स्वीटने उचलले तेव्हा नक्कल. दोन्ही गाणी मला आवडतात, पण या दोन शब्दांतला फरक ज्याने केला त्याने कान वापरला असे मला वाटत नाही.

५. ऐकणाऱ्यांविषयीचा तिटकारा

साप्ताहिकांचा राग केवळ गाण्यांवर नव्हता. गाणी घेणाऱ्यांवरही होता. स्वीटच्या तबकड्या घेणाऱ्यांत बारा ते सोळा वर्षांच्या मुली आणि कामगार वस्तीतली मुले मोठ्या संख्येने होती. 'जॅकी'सारखी मुलींची साप्ताहिके, जर्मनीत 'ब्राव्हो', या बँडची रंगीत चित्रे छापत. मुली ती भिंतीवर लावत. गंभीर समीक्षेच्या लेखी एवढ्यावरच निकाल लागत असे: ज्याचे चित्र भिंतीवर, त्याचे संगीत ऐकण्यालायक नाही.

याला पहिले नेमके उत्तर संगीत साप्ताहिकांतून आले नाही, विद्यापीठातून आले. बर्मिंगहॅमच्या समकालीन संस्कृती अभ्यास केंद्रात काम करणाऱ्या अँजेला मॅकरॉबी यांनी १९७६ मध्ये जेनी गार्बर यांच्यासह मुलींच्या उपसंस्कृतीवर लिहिताना दाखवून दिले की तरुणांच्या संस्कृतीचा अभ्यास म्हणजे रस्त्यावरच्या मुलांचा अभ्यास झाला आहे. बाहेर फिरायची मुभा नसलेल्या मुली खोलीत बसून, मैत्रिणींबरोबर तबकड्या ऐकून जे करतात त्याकडे कोणी पाहतच नाही. मॅकरॉबी आणि समीक्षक-समाजशास्त्रज्ञ सायमन फ्रिथ यांनी १९७८ मध्ये रॉक आणि लैंगिकता यांवर एकत्र लिहिले, त्यातही रॉकचा 'गंभीरपणा' पुरुषी चौकटीतून कसा येतो याची मांडणी होती. मॅकरॉबी 'जॅकी'वर टीकाही करतात, मुलींना तो अंक काय शिकवतो यावर त्या कठोर आहेत. पण ऐकणाऱ्या मुलीला त्यांनी मूर्ख समजले नाही. संगीत साप्ताहिकांनी समजले.

'क्वीन'चेही उदाहरण इथे घेतले पाहिजे. पाचगणीच्या शाळेत शिकलेला फ्रेडी मर्क्युरी या बँडचा गायक. हा बँड स्वतः लिहीत होता, स्वतः वाजवत होता, लाँग-प्लेचा विचार करत होता. तिन्ही अटी पुऱ्या. तरी १९७७ मध्ये 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस'ने मर्क्युरीची मुलाखत छापली ती 'हा माणूस मूर्ख आहे का?' अशा अर्थाच्या मथळ्याखाली. म्हणजे त्रिसूत्री पाळूनही सुटका नव्हती. नटणे, उंच आवाजात गाणे, प्रेक्षकांना खूश करायला आवडते हे न लपवणे, हा मूळ अपराध होता. लेखकाचे नाव हे नुसते कलम होते, गुन्हा वेगळाच होता.

६. अमेरिकेत काय घडले

एखादे मत वस्तूमुळे झाले की वेष्टनामुळे, हे तपासायचे असेल तर तीच वस्तू दुसऱ्या वेष्टनात द्यावी. स्वीटच्या बाबतीत हे आपोआप घडले.

एप्रिल १९७४ मध्ये ब्रिटनमध्ये 'स्वीट फॅनी ॲडम्स' ही लाँग-प्ले निघाली. तिच्यात आधी गाजलेले एकही सिंगल नव्हते. त्याच वर्षी कॉनोलीला रस्त्यात मारहाण होऊन त्याच्या घशाला दुखापत झाली होती. काही गाणी प्रीस्ट आणि स्कॉट यांनी म्हटली. 'द हू'बरोबर चार्ल्टनच्या फुटबॉल मैदानावर वाजवायची संधी याच दुखापतीमुळे गेली. 'सेट मी फ्री', 'स्वीट एफ. ए.' अशी बँडची स्वतःची, वेगवान आणि जड गाणी या तबकडीवर आहेत. ब्रिटनच्या यादीत ती २७ व्या क्रमांकावर गेली आणि विस्मरणात जमा झाली. नोव्हेंबरमध्ये 'डेझोलेशन बुलेव्हार्ड' निघाली.

अमेरिकेत 'कॅपिटॉल' कंपनीने १९७५ मध्ये या दोन तबकड्यांतली गाणी आणि सिंगल एकत्र करून 'डेझोलेशन बुलेव्हार्ड' याच नावाने वेगळी लाँग-प्ले काढली. पहिल्या बाजूला सगळी चिन-चॅपमन यांची गाणी, दुसऱ्या बाजूला सगळी बँडची. अमेरिकन श्रोत्याने 'टॉप ऑफ द पॉप्स' पाहिलेले नव्हते, 'जॅकी'तली चित्रे पाहिलेली नव्हती. 'लिटल विली' १९७३ मध्ये तिथे तिसऱ्या क्रमांकावर गेले होते, पण तो प्रकार तो विसरला होता. त्याने 'बॉलरूम ब्लिट्झ' आणि 'फॉक्स ऑन द रन' एकाच दमात ऐकली, दोन्ही पाचव्या क्रमांकापर्यंत नेली, आणि स्वीटला हार्ड रॉकचा बँड म्हणून स्वीकारले. गाणी तीच, वादक तेच. फक्त शेजारच्या पानावरचा मजकूर बदलला होता.

७. आक्षेप

पहिला आक्षेप वजनदार आहे: बँडलाच चिन-चॅपमन यांची गाणी नकोशी झाली होती, मग तुम्ही कोण त्यांची वकिली करणारे? खरे आहे. बँडला गंभीर समजले जायचे होते, आणि १९७५ मध्ये त्यांनी जोडी सोडली. त्याआधीच 'फॉक्स ऑन द रन' हे लाँग-प्लेवरचे आपले गाणे त्यांनी स्वतःच्या देखरेखीखाली पुन्हा ध्वनिमुद्रित केले. सुरुवातीला सिंथेसायझरची उसळी घातली, ध्रुवपद घट्ट केले, आणि ते ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर नेले. स्वतः लिहिता येते हे त्यांनी सिद्ध केले. पण पुढे 'ॲक्शन' १५ व्या क्रमांकावर थांबले, १९७६ चे 'द लाइज इन युवर आइज' ३५ व्या, आणि १९७८ च्या 'लव्ह इज लाइक ऑक्सिजन'पर्यंत पहिल्या दहात परतता आले नाही. कलाकाराचे स्वतःविषयीचे मत हा पुरावा असतो, निकाल नसतो. आणि हे मत त्यांनी कोठून घेतले? दर आठवड्याला आपल्यावर छापून येणाऱ्या मजकुरातूनच. साप्ताहिकांनी त्यांना शिकवले की तुमची सर्वांत चांगली कामगिरी लाज वाटण्यासारखी आहे, आणि त्यांनी ते खरे मानले. या सगळ्यात मला सर्वांत जास्त खटकते ते हेच.

दुसरा आक्षेप: हे सगळे सवंग होते, धक्का देण्यासाठी काहीही चालत होते. डिसेंबर १९७३ मध्ये 'टॉप ऑफ द पॉप्स'च्या नाताळच्या कार्यक्रमात प्रीस्ट जर्मन लष्करी गणवेश, स्वस्तिकाचा दंडपट्टा आणि हिटलरी मिशी लावून आला. युद्ध संपून तीसही वर्षे झाली नव्हती. याचे समर्थन मी करणार नाही. ते बेजबाबदार होते. 'विग-वॅम बॅम'मध्ये अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचे जे सोंग आहे तेही आज ऐकवत नाही. पण १९७६ नंतर पंकवाल्यांनी हाच दंडपट्टा घातला तेव्हा त्यावर समाजविश्लेषणाचे लेख निघाले. दोष असेल तर दोघांचाही मोजा.

तिसरा आक्षेप: गाण्यांत आशयच नाही. बहुतेक गाण्यांत नाही, आणि नाचाच्या गाण्यात तो असायलाच हवा असे नाही. पण १९७४ चे 'द सिक्स टीन्स' ऐकून हा आक्षेप तसाच ठेवता येत नाही. १९६८ मध्ये तारुण्यात असलेल्या मुलामुलींची, जग बदलेल या त्यांच्या आशेची आणि ती विरून गेल्याची ही हकिकत आहे. कडव्यांत साधी गिटार आणि जवळजवळ बोलल्यासारखा आवाज, आणि मग अंगावर येणारे ध्रुवपद. हे गाणे बँडने लिहिलेले नाही. ज्यांना गल्लाभरू म्हणून हिणवले त्या चिन-चॅपमननी लिहिले आहे. ते नवव्या क्रमांकापर्यंत गेले, आणि भूमिगत चळवळीतून आलेल्या समीक्षकांच्या स्वतःच्या पिढीवरचे हे गाणे असूनही त्याची जागा रॉकच्या इतिहासात नाही.

चौथा आक्षेप, पंकने हे सगळे पुसून टाकले. पंकच्या पहिल्या ब्रिटिश तबकडीचा मान 'द डॅम्ड'कडे जातो. त्याच 'द डॅम्ड'ने १९७९ मध्ये आपल्या एका सिंगलच्या बी-बाजूवर 'बॉलरूम ब्लिट्झ' वाजवले, आणि बेसवर होता 'मोटरहेड'चा लेमी. हे मूळ गाणे १९७३ मध्ये स्कॉटलंडमधल्या किल्मार्नक इथे बँडवर बाटल्या फेकून त्यांना मंचावरून हाकलले, त्या प्रसंगावरून लिहिलेले. संतापलेल्या प्रेक्षकांसमोरची भीती टकरच्या त्या घरंगळत्या ठेक्यात जशीच्या तशी उतरली आहे. 'डेफ लेपर्ड'ने पुढे 'ॲक्शन' केले. ज्यांना वाजवायचे होते त्यांनी स्वीटला कधीच टाकले नव्हते.

८. चॅपमनचे पुढे काय झाले

माइक चॅपमन अमेरिकेत गेला. १९७८ मध्ये त्याने 'ब्लाँडी'ची 'पॅरलल लाइन्स' ही तबकडी केली, पुढच्या वर्षी 'द नॅक'ची 'माय शरोना'. 'पॅरलल लाइन्स' आज न्यू वेव्ह संगीताची अभिजात तबकडी मानली जाते, आणि योग्यच मानली जाते. वादकांकडून पुन्हा पुन्हा वाजवून घेणारा, प्रत्येक ठोका जागच्या जागी बसेपर्यंत न थांबणारा, गाण्याचे ध्रुवपद पहिल्या मिनिटात कानात घुसवणारा हा तोच माणूस. 'ब्लाँडी'साठी त्याने केले ते कौशल्य, स्वीटसाठी केले तो कारखाना, असे म्हणणाऱ्याने दोन्हींत नेमका कोणता फरक आहे ते सुरांत आणि ठेक्यात दाखवावे. न्यू यॉर्कचा पत्ता आणि ब्रिटनमधल्या मुलींच्या साप्ताहिकातली चित्रे, यांपलीकडे मला तरी तो सापडत नाही.

ब्रायन कॉनोली १९९७ मध्ये गेला, मिक टकर २००२ मध्ये, स्टीव्ह प्रीस्ट २०२० मध्ये. चौघांपैकी तिघांच्या मृत्युलेखांनाही ग्लॅमच्या चमकीपलीकडे फारसे जावेसे वाटले नाही. ज्यांना रॉकमध्ये रस आहे अशा वाचकांना माझे एवढेच सांगणे आहे: अमेरिकेत निघालेली 'डेझोलेशन बुलेव्हार्ड' मिळवा, गीतकारांची नावे न वाचता सलग ऐका, आणि कोणती गाणी भाड्याची व कोणती स्वतःची ते कानाने ओळखून दाखवा. मग लेबल पाहा.